खाऱ्या पाण्यातून बोट बाहेर आली की

समुद्रातून आलेली बोट धुताना बहुतेकांचं सगळं लक्ष बाहेरच्या अंगावर असतं. पांढरे डाग गेले, चकाकी आली, की काम झालं. पण दिसणारं मीठ फार नुकसान करत नाही, कारण ते आज ना उद्या धुतलं जातंच. बोट खाऊन टाकतं ते न दिसणारं मीठ. ते इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांमध्ये बसतं, वॉशरखाली बसतं, वायरच्या टोकाशी, ट्रेलरच्या चौकोनी पाइपच्या आत बसतं. धुण्याचा क्रम ठरवायचा तो या जागांकडे बघून.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलं की ते तिथेच उरतात. त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. म्हणून बोट जमिनीवर उभी असली तरी दमट हवेत तो थर पूर्ण सुकत नाही आणि आतल्या आत गंजणं चालूच राहतं. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम टिकतात ते पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ आवरणामुळे. क्लोराइड नेमकं तेच फोडतं. हे आवरण पुन्हा धरायला ऑक्सिजन लागतो, आणि बोल्टच्या डोक्याखाली किंवा रेलिंगच्या बुडाशी तो पोचत नाही. वरून चकचकीत दिसणारा बोल्ट काढला तर दांडीला खड्डे पडलेले आणि ती निम्मी बारीक झालेली दिसते, त्याचं कारण हे.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मीठ गोड्या पाण्यात फार सहज विरघळतं, एका लिटरमध्ये ३५० ग्रॅमहूनही जास्त. त्यामुळे ते काढायला महागडं रसायन लागत नाही. लागतं ते भरपूर गोडं पाणी, ते योग्य जागी पोचणं आणि थर वाळायच्या आत पोचणं. पाण्याचा जोर तर मुळीच लागत नाही. प्रेशर वॉशर जवळून मारला की खारं पाणी सील ओलांडून आत ढकललं जातं. माझं स्पष्ट मत आहे की इंजिन, वायरिंग आणि बेअरिंगच्या आसपास प्रेशर वॉशर आणूच नये.

सुरुवात इंजिनापासून करावी. गरम इंजिन बंद केलं की आतलं खारं पाणी वाळतं आणि मिठाचे खडे भिंतींना धरतात. असे थर साठत गेले की वाटा अरुंद होतात, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकतो आणि एक दिवस इंजिन तापल्याची घंटी वाजते. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, फ्लश करायच्या, म्हणजे आतून गोड्या पाण्याने धुवायच्या, दोन पद्धती आहेत. एकीत खालच्या भागातल्या पाणी घ्यायच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी रबरी मफ बसवतात आणि त्यांना नळी जोडतात. आधी नळ पूर्ण सोडायचा, मफच्या कडेने थोडं पाणी बाहेर येताना दिसू द्यायचं, मग इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करायचं. वेग आयडलवरच ठेवायचा आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ (प्रोपेलर) कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. बंद करताना उलट क्रम: आधी इंजिन, मग नळ. यात गफलत झाली तर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरतो, आणि त्याची पाती जळायला काही सेकंद पुरतात, कारण त्याचं वंगण म्हणजे ते पाणीच.

मफ लावून इंजिन दोन मिनिटं चालवून काम झालं असं समजू नये. थर्मोस्टॅट थंड असताना बंद असतो. बऱ्याच आउटबोर्डमध्ये तो ५० ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास उघडतो, आणि तो उघडल्याशिवाय सिलिंडरभोवतीच्या वाटांत गोडं पाणी नीट फिरत नाही. म्हणून १० ते १५ मिनिटं द्यावीत. तेवढ्या वेळात बाजूने उडणारी, आत पाणी फिरतंय हे दाखवणारी खुणेची बारीक धार बघत राहावी. धार बारीक किंवा तुटक असेल तर लगेच पंपाला दोष देऊ नये. बऱ्याचदा त्या छोट्या तोंडातच मीठ किंवा वाळू अडकलेली असते. इंजिन बंद करून गवत कापायच्या यंत्रातल्या जाड नायलॉन दोऱ्याचा तुकडा आत सारला की वाट मोकळी होते. त्यानंतरही धार कमजोर राहिली तर इंपेलर तपासावा. तो चांगला दिसला तरी दर वर्षी किंवा फार तर दोन वर्षांनी बदलावा, कारण एकाच स्थितीत बसून राहिलेली पाती वाकडी होतात.

दुसऱ्या पद्धतीत इंजिनाला फ्लश पोर्ट असतो आणि नळी थेट त्यालाच जोडतात. बहुतेक इंजिनांत हा पोर्ट वापरताना इंजिन बंद ठेवायचं असतं, कारण तिथून आलेलं पाणी इंपेलरपर्यंत पोचेलच असं नाही. तुमच्या मॉडेलचं काय आहे ते पुस्तिकेत बघून ठरवावं. फ्लश झाल्यावर इंजिन थोडा वेळ सरळ उभं ठेवावं म्हणजे सगळं पाणी निथळतं. वर उचलून ठेवलं की पाणी खोलगट जागांत साचून राहतं. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन, समुद्राच्या पाण्याने हीट एक्स्चेंजर (इंजिनाची उष्णता बाहेर नेणारा नळ्यांचा संच) थंड करत असेल, तर तिथल्या पेन्सिलसारख्या झिंकच्या कांड्याही काढून बघाव्यात. त्या पार संपल्या तर पुढची पाळी एक्स्चेंजरच्या नळ्यांची.

इंजिनाचं झाकण काढून आत नळी मारू नये. ओलसर फडक्याने मीठ पुसावं, सुकू द्यावं आणि गंजरोधक फवाऱ्याचा पातळ थर द्यावा. बेल्टवर तो उडू देऊ नये.

पंखा पूर्ण काढून बघणं हे सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे. मासेमारीचा तंगूस पाण्यातून पंख्याकडे ओढला जातो आणि शाफ्टभोवती घट्ट गुंडाळला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पंख्यामागे तो सीलमध्ये घुसतो, सील कापतो आणि तिथून पाणी गिअरकेसमध्ये शिरतं. ओळखायची खूण सोपी आहे. खालचा निचरा स्क्रू सैल करून थोडं गिअर ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्यावं. दुधी, कॉफीसारखं दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे. सील बदलल्याशिवाय नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही. ऑइल भरताना खालच्या छिद्रातून वर भरावं, वरच्या छिद्रातून येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. पंखा परत बसवण्याआधी शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस लावलं नाही, तर पुढच्या वेळी पंखा निघता निघत नाही.

इंजिनावर आणि तळाला लावलेले ॲनोड बोटीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतात. एकमेकांना जोडलेले वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात बुडाले की बॅटरी तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. खाऱ्या पाण्यासाठी झिंक किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड घ्यावेत. मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यासाठी असतात, समुद्रात ते फार लवकर संपतात. निम्मे झिजले की बदलावेत. त्यांना रंग लावू नये, आणि बसवायची जागा घासून उघडा धातू दिसेल अशी करावी. वर्षभरात ॲनोड जराही झिजला नसेल तर आनंद मानू नये. त्याचा संपर्क तुटला असण्याची शक्यता जास्त.

आता डेक. उन्हात तापलेल्या डेकवर साबण लावला की तो वाळून डाग उठतात, म्हणून शक्यतो सावलीत धुवावं. आधी वरून खाली भरपूर पाणी ओतावं. रक्त आणि खवले मात्र लगेच आणि थंड पाण्यानेच काढावेत. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं शिजतात आणि डाग पक्का बसतो. राहिलेल्या डागावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटं ठेवून धुवावं. धुण्यासाठी बोटीचा सौम्य साबण वापरावा, भांड्यांचा नको, कारण तो मेणाचा थरही काढून नेतो. ब्लीच जपून वापरावं. त्याने गादीची शिवण कमजोर होते आणि धातूंनाही त्रास होतो. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीच एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

काचेवर किंवा फायबरवर पांढरट धूसर डाग धुऊनही राहिले तर ते बहुतेक वेळा पाण्यातल्या चुन्याचे असतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावं आणि लगेच धुवावं. उघड्या किंवा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर व्हिनेगर लावू नये. फायबरला वर्षातून दोनदा मेण लावलं की मीठ धरत नाही आणि उन्हाने जेलकोट (फायबरवरचा चकचकीत बाहेरचा थर) खडूसारखा पांढरा पडायचा वेग कमी होतो.

फायबर आणि ॲल्युमिनियमचे हे नियम लाकडी बोटीला जसेच्या तसे लावू नयेत. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारट लाकूड मानवत नाही, गोडं पाणी मात्र फार मानवतं. डेकच्या फटींत, फळ्यांच्या जोडांत साचलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त घातक असतं. लाकडी बोट गोड्या पाण्याने धुतली तर ते पाणी कुठेही साचू न देता लगेच पुसून काढावं आणि हवा खेळती ठेवावी. खवले लाकडाच्या फरसाच्या खाली जाऊन अडकतात, म्हणून फरसाच्या फळ्या उचलूनच धुवावं. लोखंडी खिळ्यांच्या भोवती काळे डाग दिसले तर तिथे लाकूड मऊ पडलंय का ते टोचून बघावं.

तळाला धरलेले बार्नेकल (शिंपल्यासारखे चिकटून बसणारे समुद्री जीव) बोट बाहेर काढल्या काढल्या, ओले असतानाच काढावेत. वाळले की त्यांचा चिकट तळ दगडासारखा होतो. प्लास्टिकचा किंवा लाकडी खरवडा वापरावा. ॲल्युमिनियमच्या बोटीला तांबं मिसळलेला रंग लावू नये, तांब्यामुळे तिचं अंगच झिजायला लागतं.

बोटीच्या पोटात, बिल्जमध्ये, मासे धुतलेलं खारं पाणी राहतं. निचऱ्याची प्लग काढून, पुढचा भाग थोडा उंच करून आत गोडं पाणी सोडावं आणि ते स्वच्छ निघेपर्यंत थांबावं. पंप याच वेळी गोड्या पाण्यावर चालवून बघावा, आणि त्याचा फ्लोट हाताने उचलून तो आपोआप सुरू होतो का ते बघावं. जिवंत मासे ठेवायच्या टाकीच्या पंपातूनही गोडं पाणी फिरवावं, नाहीतर बारीक नळ्यांत मीठ आणि शेवाळ साठतं.

विजेच्या जोडण्यांत मीठ वायरच्या तारांमधून आत सरकत जातं. टोक जरा सोललं तर आतली तांब्याची तार काळी पडलेली दिसते, आणि दिवा मंद होण्याचं कारण तिथेच असतं. अशी वायर स्वच्छ तार लागेपर्यंत कापून नवं टोक लावावं. ते कथिलाचा मुलामा असलेल्या मरीन वायरवर आणि आतून गोंद असलेल्या आकसणाऱ्या नळीने बंद केलेलं असावं. बॅटरीच्या टोकावरची पांढरी पावडर खायच्या सोड्याने जाते. कपभर पाण्यात चमचाभर सोडा घ्यावा आणि बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

रील धुताना पाण्याची धार जोरात मारू नये. ड्रॅग (दोरी सुटताना तिला अडवणारा रीलचा ब्रेक) आधी घट्ट करावा म्हणजे पाणी आत जात नाही, हलक्या फवाऱ्याने धुवावं, पुसावं आणि सुकल्यावर ड्रॅग सैल सोडावा. तो दाबलेला ठेवला तर आतल्या चकत्या एकमेकींना चिकटतात. दोर आणि जाळी गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावीत. मिठाचे कण धाग्यांच्या आत राहून धागे कापतात आणि ऊन नायलॉनला कमजोर करतं.

सगळं पूर्ण सुकल्यावरच बोट झाकावी, तीही हवा जाईल अशा कापडाने. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडून राहते आणि बुरशी धरते.

ट्रेलरकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं. चाकाचं हब प्रवासात गरम झालेलं असतं. ते तसंच समुद्रात उतरवलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढून घेते. पाण्यात उतरायच्या आधी १५-२० मिनिटं थांबून हब हाताला थंड लागू द्यावं. परत आल्यावर चौकटीच्या पाइपांच्या उघड्या तोंडांतून, पाट्यांच्या स्प्रिंगांमधून आणि ब्रेकवर गोडं पाणी सोडावं. हबमधून बाहेर येणारं ग्रीस राखाडी किंवा दुधी दिसलं, तर नवं ग्रीस भरून भागत नाही. बेअरिंग उघडून, धुऊन, नवं सील घालूनच परत बसवावं.