मास्तरांच्या कोपराचं माप

मे महिना म्हणजे आमच्याकडे आंदणाचा हंगाम. पारोळ्यातल्या माझ्या दुकानात पलंग, कपाटं, ड्रेसिंग टेबलं यांची रांग लागलेली, बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला, कूलर नुसती गरम हवा फेकणारा आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. अशा दुपारी एक मास्तर ॲपेरिक्षातून कीबोर्ड घेऊन उतरले. हळदीच्या कार्यक्रमात, अहिराणी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात, सकाळी घरी पोरांना शिकवतात. वय पन्नाशीचं. मोबाइलमधला फोटो पुढे करून म्हणाले, "अस्सं स्टँड पाहिजे, मिस्तरी."

फोटोत पांढरं चकचकीत पॉलिश, पुढे ड्रॉवर, खाली बंद फळी. दिसायला देखणं. मी विचारलं, "मास्तर, आत्ता कशावर वाजवता?"

घरी टेबलावर. आणि बसायला? प्लॅस्टिकची खुर्ची. उजवा खांदा गेलं वर्षभर दुखतोय. डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाड ठीक असल्याचं सांगितलं आणि बसण्याची पद्धत बदलायला लावली. म्हणून तर ते स्टँड करून घ्यायला आले होते, पण फोटोतल्या स्टँडचा आणि दुखऱ्या खांद्याचा काही संबंध आहे का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हिशेब साधा आहे. आपलं नेहमीचं टेबल ३० इंच उंच. त्यावर कीबोर्ड ठेवला की पट्ट्यांचा माथा ३३-३४ इंचांवर जातो. मोठ्या पियानोच्या पट्ट्यासुद्धा जमिनीपासून साधारण २८-२९ इंचांवरच असतात. मास्तरांच्या खुर्चीची बैठक १७ इंच, म्हणजे हात सैल सोडून बसले की त्यांचं कोपर पंचवीस-साडेपंचवीस इंचांवर. पट्ट्या कोपराच्या आठ इंच वर! मग खांदा उचलूनच वाजवावं लागणार, आणि रात्रभराचा रियाज म्हणजे रात्रभर उचललेला खांदा. बाजारात ते इंग्रजी एक्सच्या आकाराचं लोखंडी स्टँड मिळतं, तेही मास्तरांकडे होतं. उभं राहून वाजवायला ठीक. बसून वाजवायचं म्हणून खाली उतरवलं की त्याचे पाय लांब फाकतात, मधला सांधा नेमका गुडघ्यांसमोर येतो आणि वरचा आधार पुढे-मागे डुलायला लागतो.

मी फोटो बाजूला ठेवला. दुकानात एक शिसवी स्टूल होतं, १९ इंचांचं, त्यावर मास्तरांना बसवलं. पाय जमिनीवर सपाट, हात सैल, कोपर काटकोनात. टेप लावला: जमिनीपासून कोपर २७ इंच ४ सूत, म्हणजे साडेसत्तावीस (आठ सुतांचा एक इंच). पट्ट्या कोपराच्या जरा खाली असाव्यात, निदान वर तरी नकोत. म्हणून पट्ट्यांचा माथा २७ वर धरला. त्यांच्या कीबोर्डची रबरी पायापासून पट्टीच्या माथ्यापर्यंतची उंची साडेतीन इंच. म्हणजे कीबोर्डचा तळ साडेतेवीसवर. इथपर्यंत सगळं गुण्यात बसलं.

मग मांडी मोजली, आणि तिथे गाडी अडली. कीबोर्डची पुढची कड जिथे येते तिथे मांडीचा माथा तेवीस इंच. खाली पाऊण इंचाची फळी घातली तर तिचा तळ येतो पावणेतेवीसवर. मांडी अडकणार. स्टूल उंच करू म्हणावं तर कोपर वर जातं तशी मांडीही वर जाते, बैठकीपासूनचं अंतर काही बदलत नाही. माणसाच्या कोपर आणि मांडीमध्ये मुळात चारेक इंचांचीच फट असते आणि तेवढ्यात अख्खा कीबोर्ड बसवायचा असतो. फोटोतल्या स्टँडला तर पुढे ड्रॉवर होतं! ज्याने ते बनवलं त्याने त्यापुढे बसून एक गाणंसुद्धा वाजवलं नसणार, असं माझं मत आहे.

मास्तरांना हे तोंडी पटेना. "एक इंचाने काय होतं, मिस्तरी?" म्हणाले. मग आम्ही ते करूनच पाहिलं. दुकानामागे बांधकामाच्या विटा पडलेल्या होत्या. दोन थप्प्या रचल्या, त्यावर प्लायची फळी, फळीवर कीबोर्ड. उंची जुळवायला माझ्याकडे प्लायचे तुकडे भरपूर: १८ मिलिमीटर, १२, ६, ४. आधी मुद्दाम घरच्या टेबलाइतकं उंच ठेवलं आणि म्हटलं, वाजवा. मास्तरांनी हळदीचं एक गाणं धरलं. मी मागे उभा राहून त्यांचे खांदे पाहत होतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत उजवा खांदा कानाकडे सरकलेला होता आणि मनगट खाली मोडलेलं. त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं. मग वीट काढली, तुकडे बदलले, पुन्हा तेच गाणं. खाली आणत आणत सत्ताविसाच्या आसपास आलो तेव्हा मास्तर मधेच थांबले, दोन्ही हात तसेच पट्ट्यांवर ठेवून म्हणाले, "खांदा नही दुखस आते." आणि लगेच, "पण मांडी लागतेय."

लागणारच होती, फळी होती ना खाली. मी फळी काढली आणि कीबोर्डची दोन टोकं तेवढी विटांवर टेकवली. मधलं सगळं मोकळं. कीबोर्डला खालून रबरी पाय असतात ते दोन्ही टोकांकडेच, टेबलावर ठेवला तरी तो त्यांच्यावरच उभा असतो. मधे फळी असो नसो, त्याला फरक पडत नाही. आता गुडघे आत गेले, पाय पेडलपर्यंत आरामात पोचला. बघायला शेजारचा चहावाला, वेल्डिंगवाला, आंदणाचं कपाट बघायला आलेलं एक कुटुंब, सगळे जमलेले. फर्माईश सुरू झाली. माझ्या पोरांनी रंधा खाली ठेवला तो अर्धा तास उचलला नाही. आंदणवाल्यांचं कपाट एक दिवस लांबलं ते त्यामुळे, हे त्यांना मी सांगितलेलं नाही.

लाकूड मास्तरांचंच. त्यांचं धाब्याचं घर पाडलं तेव्हाच्या छताच्या सागाच्या कड्या गोठ्यात पडून होत्या. काळ्याठिक्कर, धुराने माखलेल्या. रंधा फिरवला की दोन सुतांखाली तोच साग, मधासारखा पिवळा, आणि सगळ्या दुकानात त्याचा तेलकट वास. जुन्या लाकडाची एकच कटकट, आत मुरलेले खिळे. वरून दिसत नाहीत, रंध्याच्या पात्याला खांडा पडला की कळतात. म्हणून आधी लोहचुंबक फिरवून घेतो. पण इतकी वर्षं सुकलेलं लाकूड आता फारसं हलत नाही, आणि आपल्या खान्देशात याला मोल आहे. उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत, श्रावणात दमट. ओला माल वापरला तर मेमध्ये सांधा उघडतो आणि पावसाळ्यात दार घासतं. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. त्यामुळे रुंद फळ्या टाळून आम्ही सगळं अरुंद तुकड्यांत केलं.

दोन बाजूंना दोन चौकटी, प्रत्येकीला दोन पाय, वर-खाली आडवी पट्टी, सांधे खाच-कुसवाचे (एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत), फेविकॉल लावून दाबलेले. पुढून काहीही नाही. सगळी मदार मागच्या दोन आडव्या फळ्यांवर. वरची फळी पाच इंच रुंद, आणि ती आडवी न ठेवता कडेवर उभी बसवली. मास्तरांना तीच फळी आडवी टाकून बोटाने दाबून दाखवली, मग उभी करून दाबायला सांगितली. भाराच्या दिशेने लाकूड दुप्पट खोल झालं की ताठपणा आठपट होतो. घराच्या कड्या उभ्या का घालतात ते त्याच कारणाने. चौकटी आत-बाहेर फिरू नयेत म्हणून मागच्या कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे. फळ्या आणि चौकटींचा जोड मात्र चिकटवलेला नाही, नट-बोल्टचा, कारण कार्यक्रमाला न्यायचं तर सुटं करून गाडीत टाकता आलं पाहिजे. कीबोर्डच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, समोर दोन सूत उंचीची अडपट्टी.

मास्तरांचा एक हट्ट राहिला होता: शिकायला येणाऱ्या पोरांसाठी उंची कमी-जास्त व्हायला हवी. मी नाही म्हणालो. पायांना भोकं पाडून सरकती उंची केली की प्रत्येक भोक म्हणजे हलायला एक जागा. त्यापेक्षा स्टँड पक्कं राहू दे, बसणाऱ्याला हलवू. स्टुलावर घालायला दोन जाडीच्या फळ्या करून दिल्या, एक दीड इंचाची, एक तीन इंचांची. पोरगं उंच बसलं की कोपर पट्ट्यांना येतं. त्याचे पाय लोंबकळतात, तिथे जेवणाचा पाट ठेवायचा. लहान पोराची मांडी बारीक असते, तिला जागा पुरते.

पॉलिश लाखेचं, दोन हात. पांढरं नाही केलं. सागावर पांढरा रंग मारायला माझा हात धजत नाही, आणि मास्तरांनीही तो फोटो पुन्हा काढला नाही. पैशांची घासाघीस झाली, ती सगळ्यांशीच होते. लाकूड त्यांचं असल्यामुळे मजुरीचंच बोलणं होतं, आणि शेवटी पाचशे मी सोडले.

परवा फोन आला. आता श्रावणात आमच्या खान्देशची देवी कानबाई घरोघरी येतील, रात्रभर गाणी, आणि तिथे स्टूल-बिल काही नाही, सगळे सतरंजीवर मांडी घालून. तर तसंच एक बुटकं स्टँड हवं. मास्तर म्हणाले, "माप तर तुमच्याकडे आहेच, पाय तेवढे कापून द्या."

मी म्हटलं, तसं जमणार नाही. मांडी घातली की कोपर जमिनीपासून आठ-साडेआठ इंचांवर येतं, त्यातून कीबोर्डचे साडेतीन गेले की खाली पाचेक इंच उरतात आणि त्यात दोन्ही गुडघे बाजूला पसरलेले असतात. चौकट गुडघ्यांच्या बाहेर किती न्यायची ते तुम्ही बसल्याशिवाय कळायचं नाही. रविवारी या. आणि ज्या आसनावर बसता ते घेऊन या, त्याची जाडी मापात धरावी लागेल.