रिकामी डिकी: बडोद्याहून सुलाफेस्टला जाताना वायनरींचा हिशोब

सुलाफेस्टचं, म्हणजे नाशिकच्या सुला वायनरीत भरणाऱ्या वाइन आणि संगीताच्या महोत्सवाचं, तिकीट काढलं की लोक आधी कोणत्या वायनरी बघायच्या याची यादी करतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते परवडतं. बडोदेकराने मात्र सहलीचा आराखडा शेवटच्या दिवसापासून मागे आखत यायचा असतो. परतताना सापुताऱ्याच्या चेकपोस्टवर गाडी थांबणार, डिकी उघडणार, आणि त्या डिकीत काय आहे (आणि चालवणाऱ्याच्या रक्तात काय आहे) हे तेव्हा नव्हे, दोन दिवस आधी ठरलेलं असतं.

म्हणून आधी कायदा, मग द्राक्षं. १९४९ चा मुंबई नशाबंदी कायदा गुजरातेत आजही लागू आहे, फक्त नाव बदललं. वाइनला त्यात वेगळी सवलत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं यांसाठी शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत गेला आहे. गाडी जप्त होते ते निराळंच. ‘एकच बाटली, तीही भेट द्यायला’ हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही. आरोग्य परवाना (तब्येतीच्या कारणासाठी दारू घ्यायची परवानगी) असलेल्यांचा एक गैरसमज असतो. त्या परवान्यावर राज्यातल्या परवान्याच्या दुकानातून घेता येतं. नाशिकची बाटली डिकीत टाकून आणायची ती मुभा नव्हे. रिकामी बाटली शोभेसाठी आणायचा मोहही टाळा. तळाशी चमचाभर लाल थेंब उरतोच आणि गाडीभर वास सुटतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. रक्तात ०.०५ टक्के (म्हणजे १०० मिलीत ५० मिलीग्रॅम) किंवा जास्त अल्कोहोल सापडलं तर ‘मी नाशिकला घेतली, गुजरातेत नाही’ हे दाखवून देण्याचा भार आपल्यावर येतो. गाडी चालवणाऱ्याची मर्यादा त्याहून कडक आहे: १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम.

आता हे आकडे ग्लासात ओतून बघू. वायनरीतल्या एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन, प्रत्येकी सुमारे ३० मिली, म्हणजे १५० मिली. वाइन १३ टक्क्यांची धरली तर शुद्ध अल्कोहोल जवळपास १५ ग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाला रिकाम्या पोटी तेवढ्यानेच वाहन चालवण्याची मर्यादा गाठता येते. पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात तेवढ्यानेच ५० मिलीग्रॅमच्या आसपास जातं. ‘चाखलंच तर आहे’ म्हणत दिवसात तीन वायनरी फिरलेल्या माणसाने पाऊण बाटलीच्या जवळपास रिचवलेली नसली तरी अर्ध्याहून जास्त नक्की रिचवलेली असते. शरीर ताशी १० ते १५ मिलीग्रॅमच्या वेगाने ते संपवतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग बदलत नाही.

यावरून तीन नियम निघतात. दिवसाला फार तर दोन वायनरी. नाशकात स्वतःची गाडी हॉटेलात, फिरायला भाड्याची. आणि रविवारी रात्री चार ग्लास झाले असतील तर सोमवारी सकाळी नऊच्या आत निघायचं नाही. सोमवारची रजा तिकिटाबरोबरच टाका.

महोत्सव साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी असतो. २००८ पासून चालू होता, २०२० नंतर खंड पडला आणि २०२५ मध्ये पुन्हा भरला. तारीख जाहीर झाली की कॅलेंडरमध्ये ३० जानेवारी कुठे पडतो ते आधी बघा. महाराष्ट्रात हुतात्मा दिनी ड्राय डे असतो, २६ जानेवारीलाही. महोत्सव १ आणि २ फेब्रुवारीला असेल तर गुरुवार कोरडा जातो. ३१ जानेवारीला सुरू होत असेल तर आदला शुक्रवारच हातातून गेला, आणि तोच वायनरी बघायचा सगळ्यात चांगला दिवस.

शुक्रवार का, तर शनिवार-रविवारी सुलाच्या आवारात संगीत असतं, गर्दी असते, वाइन तर असतेच. पण वाइनच्या टाक्यांमधून निवांत हिंडत प्रश्न विचारायला कोणालाच वेळ नसतो. गंगापूर-सावरगाव रस्ता त्या दोन दिवसांत मुंगीच्या चालीने सरकतो. सुला, यॉर्क आणि सोमा या तिन्ही वायनरी याच पट्ट्यात, गंगापूर धरणाच्या बाजूला आहेत. यॉर्क तर आता सुलाच्याच मालकीची आहे. हा पट्टा शुक्रवारी उरकला तर महोत्सवाच्या दिवशी त्या रस्त्यावर एकदाच जाणं आणि एकदाच येणं होतं.

शुक्रवारी पहाटे पाचला बडोदं सोडा. भरूच, सुरत ओलांडून चिखलीला महामार्ग सोडायचा, मग वांसदा, वघई, सापुतारा, बोरगाव, वणी, दिंडोरी, नाशिक. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून आठ तास. वघईपासून सापुताऱ्यापर्यंत घाटाचा रस्ता आहे, तो उजेडातच करावा. दुसरा रस्ता महामार्गाने थेट पारडी आणि तिथून कपराडा, पेठ असा आहे. नकाशा कधीकधी तोच सुचवतो. पण कपराड्याच्या कुंभ घाटात अवजड ट्रकांच्या मागे अडकलं की वाचवलेली वेळ परत द्यावी लागते. गाडी चालवायची नसेल तर रात्रीची बस बरी. रेल्वेने मुंबईकडून वळसा पडतो.

दुपारी दीडला हॉटेल, जेवण, आणि साडेतीनला सुलाची टूर. ती वेबसाइटवरून आधी घेतलेली बरी. जन्मतारीख असलेलं ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं. चाळिशीतल्या काकांकडेही मागतात, त्यात अपमान नाही. हॉटेल गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला घ्या. त्या आठवड्यात दर चढतात, म्हणून तिकिटाच्या दिवशीच खोली.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा वायनरी बघायला उत्तम असतो आणि त्याचं कारण छाटणीत आहे. नाशकात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिने काड्या तयार होतात; सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. तिथून चार-पाच महिन्यांनी घड तयार. म्हणून युरोपात शरद ऋतूत होणारी तोडणी इथे जानेवारी ते मार्च चालते. आधी सॉव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां यांसारखी पांढरी, नंतर शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉं. महोत्सवाच्या सुमारास पांढऱ्या द्राक्षांची गडबड असते. पावसाळ्यात त्याच टूरवर गेलात तर चकचकीत रिकाम्या टाक्या आणि माहितीचे फलक एवढंच दिसतं.

तोडणी पहाटे होते, कारण घड गार असताना प्रेसमध्ये (रस काढायच्या यंत्रात) गेले तर रस काळवंडत नाही आणि वास टिकतो. त्यामुळे क्रेट उतरवणं, देठ वेगळे करणारं यंत्र, हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक प्रेस हे सगळं चालू स्थितीत बघायचं तर सकाळची टूर हवी. संध्याकाळी सूर्यास्त मिळतो, यंत्रं धुतलेली मिळतात. टूरवाल्याला ‘आज कोणती टाकी फसफसतेय?’ एवढं विचारा, तो लगेच पाठ केलेलं सोडून बोलायला लागतो. पांढऱ्या वाइनची टाकी बाहेरून गार लागते, तिच्या भिंतीत थंड पाणी फिरत असतं. आंबवण बारा ते अठरा अंशांवर ठेवतात. लालला पंचवीस-तीसपर्यंत चालतं, सालीतला रंग आणि तुरटपणा उतरायला ती ऊब लागते. गोडी किती झाली हे रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा एक थेंब टाकून बघतात. तो डोळ्याला लावून बघायला मिळाला तर सोडू नका.

शनिवारी सकाळी दुसरी दिशा: इगतपुरीकडे संजेगाव, मुकणे धरणाजवळ. तिथे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा या वायनरी आहेत. यातली एकच घ्या. व्हॅलोने लहान आहे, शांत आहे, महोत्सवाला जायच्या दिवशी सकाळी कानांना तेच बरं. अकरा वाजता टेस्टिंग, तिथेच जेवण, दोनला परत, साडेतीनपर्यंत सुलाच्या गेटवर. टॅक्सी ठरवताना एक खाच आहे. नाशकात दिवसाचं पॅकेज सहसा ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असं असतं. संजेगाव जाऊन-येऊन त्याच्या बाहेर जातं, आणि वर महोत्सवाची फेरी धरली तर तासही ओलांडतात. वरच्या किलोमीटरचा आणि तासाचा दर आधी विचारा, आणि रात्रीच्या परतीसाठी तीच गाडी बांधून घ्या. रात्री दहाला हजारो लोक एकदम मोबाइल काढतात तेव्हा अॅपवरची टॅक्सी मिळत नाही, बऱ्याचदा नेटवर्कही नसतं. भेटायची जागा गेटपासून दोन-तीनशे मीटर पुढची ठरवा.

चाखण्याबद्दल. क्रम असा: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड. तुरट किंवा गोड आधी आली की नंतरची पांढरी पाण्यासारखी लागते. स्पिटून, म्हणजे थुंकायचं भांडं, ठेवलेलं असतं, ते वापरायचं. आपल्याकडे थुंकणं म्हणजे टाकून देणं, पैसे वाया, अशी भावना आहे. पण पाचातल्या तीन थुंकल्या तरच चौथीचा वास कळतो. अत्तर, पानमसाला, गडद लिपस्टिक, तिन्ही घरी ठेवा.

आणि मिसळ! सेव-उसळीवर वाढलेल्या बडोदेकराला नाशकात सकाळी मिसळ खाल्ल्याशिवाय चैन पडणार नाही. खावी, पण टेस्टिंगच्या दिवशी नाही. काळ्या रश्श्याने पोळलेल्या जिभेला अल्कोहोल जास्त जाळतं आणि लाल वाइनचा तुरटपणा कडू होतो. मिसळ रविवारी सकाळी ठेवा, तेव्हा वायनरी नाही, फक्त झोप आणि मिसळ. दुपारी महोत्सवात पहिला ग्लास थंड शेनिन ब्लांचा घेतला तर तिच्या हलक्या गोडीने उरलेला तिखटपणाही निवतो.

महोत्सवाच्या दोन्ही दिवसांत प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी. दुपारी ऊन तीस अंशांच्या आसपास, रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि आपण उघड्यावर बसलेलो. शाल किंवा जाकीट हवंच. टाचांचे बूट बागेच्या मातीत रुततात.

सोमवारी परत त्याच वाटेने. दिंडोरीकडेही वायनऱ्या आहेत, शांदों कंपनीची स्पार्कलिंग वाइन तिथेच बनते, रस्त्यात पाटी दिसते आणि हात आपोआप इंडिकेटरकडे जातो. जाऊ द्यायचं. वणीला थांबायचं असेल तर सप्तशृंगीसाठी थांबा. घेतलेल्या बाटल्या एव्हाना नाशिकच्या मावशीकडे किंवा पुण्याहून महोत्सवाला आलेल्या भावाच्या गाडीत गेलेल्या असाव्यात. तसं कोणी नसेल तर सरळ विकतच घेऊ नका, ग्लासावर प्या.

डिकीत घालायला बरंच उरतं: द्राक्षांची पेटी, मनुका, चिवडा, वाइनचे ग्लास, बूच काढायचा स्क्रू, कोरड्या बुचांची पिशवी. द्राक्षं मात्र डिकीत नको, मागच्या सीटखाली ठेवा. दुपारी सुरतेजवळ डिकी इतकी तापते की बडोद्याला पोचेपर्यंत खालचा थर फुटून आंबायला लागतो, आणि मग चेकपोस्टवर नाही तर घरी त्या वासाचा खुलासा द्यावा लागतो.