परतीच्या मुदतीतले दहा दिवस

जुन्या लॅपटॉपचा पडदा एक दिवस काळाच राहिला, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून मी नव्याच्या शोधात निघाले. माझ्या बजेटमध्ये बसणारं नवं मशीन म्हणजे बोर्डवरच सोल्डर केलेली ४ जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी साठवण (एसएसडीपेक्षा मंद, स्वस्त प्रकार) आणि १३६६ बाय ७६८ चा फिकट पडदा. माझं दिवसभराचं काम एक्सेलच्या मोठाल्या शीट्सवर चालतं. असलं मशीन वर्षभरात दमलं असतं आणि पुढे त्यात रॅमही वाढवता आली नसती. तेवढ्याच पैशांत ऑफिसांतून एकगठ्ठा निघालेले, तपासून साफ केलेले बिझनेस लॅपटॉप मिळतात हे कळलं, आणि मी रिफर्बिश्डकडे वळले.

पहिली खरेदी फसली. ती सविस्तर सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

जाहिरातीत ‘ग्रेड ए’, म्हणजे दिसायला जवळपास नव्यासारखा, असं लिहिलं होतं. लॅपटॉप आला तो खरंच चकचकीत, कुठे ओरखडा नाही. विंडोज आधीच टाकलेलं, कसलंसं सामान्य नावाचं खातं तयार. दोन दिवस काम केलं, काही अडलं नाही. मग वाटलं, दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या मशीनवर आपले बँकेचे पासवर्ड कशाला टाकायचे? म्हणून पूर्ण रीसेट केलं. मशीन पुन्हा सुरू झालं, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं स्वागत झळकलं. त्या कंपनीचा ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड दिल्याशिवाय ते पुढे जाईना.

झालं होतं असं की कंपनीने लॅपटॉप विकला, पण आपल्या यंत्रणेतून त्याची नोंद काढलीच नव्हती. ही नोंद डिस्कवर नसते, कंपनीच्या ऑनलाइन खात्यात मशीनच्या ओळखीशी जोडलेली असते. त्यामुळे डिस्क कितीही वेळा पुसली तरी इंटरनेट जोडून नव्याने सेटअप केला की ती परत उभी राहते. विक्रेत्याने इंटरनेट न जोडता विंडोज टाकलं असावं, म्हणून दोन दिवस काही दिसलं नाही. परतीची मुदत दहा दिवसांची होती आणि माझा तिसराच दिवस, म्हणून पैसे परत मिळाले. महिन्याभराने रीसेट केलं असतं तर? त्या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, म्हणून नावातला आकडा आधी पाहिला. आय५-८३५०यू मध्ये डॅशनंतरचा ८ ही पिढी. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हा लॅपटॉप ठरवला. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक मागून काढता येणारी. मात्र हेच मॉडेल कमी दर्जाच्या पडद्यातही निघालं होतं, म्हणून १९२० बाय १०८० चाच आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी घेतलं.

खोकं उघडताना व्हिडिओ काढला. मशीन चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये गेले; जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला नाही. मग पहिलं काम म्हणजे रीसेट, वायफाय जोडून. या वेळी कुठल्याही कंपनीचं नाव आलं नाही आणि मी मोकळा श्वास घेतला.

पुढे कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ अशी इंग्रजीत आज्ञा दिली. एक अहवाल तयार होतो, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) शेजारी शेजारी असतात. दोन्ही बॅटऱ्या मुळात सुमारे २४,००० मिलिवॉट-तासांच्या. आतली २०,००० च्या वर होती, मागची ११,००० वर आलेली. इतकी वर्षं वापरलेल्या बॅटरीचं हे होणारच. मागची बॅटरी दोन खटके सरकवले की निघते, म्हणून ती मी नवी घेतली आणि हा खर्च किमतीत धरूनच हिशोब केला. डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने एसएसडीची (आतल्या डिस्कची) तब्येत ९१ टक्के दाखवली. कीबोर्ड, पोर्ट, कॅमेरा, माइक एका संध्याकाळी तपासून झाले. नंतर ८ जीबीची आणखी एक रॅम बसवली. माझ्या सगळ्यात जड शीटलाही आता थांबावं लागत नाही.

हे जमलं म्हणून आईसाठी फोनही असाच घेतला. फोनमध्ये मी सगळ्यात जास्त तोलते ती गोष्ट म्हणजे अपडेट किती वर्षं मिळणार, आणि ती वर्षं बाजारात आल्यापासून मोजायची, आपण घेतल्यापासून नाही. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि गुगलने त्याला ७ वर्षांचे अपडेट जाहीर केले, म्हणजे २०३० पर्यंत काळजी नाही. त्याहून स्वस्त फोन दिसत होते, पण त्यांची मुदत संपत आलेली होती.

इथेही आधी रीसेट. जुन्या मालकाचं गुगल खातं मागितलं नाही. *#०६# दाबून आलेला १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्या आकड्याशी जुळवला. मग एक आयकॉन बोटाखाली धरून पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला. कुठे आयकॉन सुटला की समजावं, तिथला टच मेला आहे. सुटला नाही.

आईला फोन दिला तेव्हा एकच बजावलं. एकदा उघडलेल्या फोनचं पाणी अडवणारं सील पहिल्यासारखंच असेल असं धरता येत नाही, तेव्हा भांडी घासताना तो ओट्यावर ठेवू नकोस. आता तो खिडकीपाशी असतो आणि वाजला की ती आधी हात पुसते.