आंबेनळी घाटात ब्रेक तापले, माझा अनुभव

मागच्या मे महिन्यात पुण्याहून गावी खेडला निघालो होतो, महाबळेश्वरमार्गे. गाडीत पाच माणसं, डिकी गच्च. आईला गाडी लागते म्हणून झटके नकोत, तर अख्खा आंबेनळी घाट मी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरवत होतो, आणि इथेच माती खाल्ली. प्रतापगड फाट्याच्या अलीकडे जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर भिजलेल्या पोह्यांवर पाय पडावा तसं मऊ, खालीच गेलं!! दोनतीनदा पंप मारला, सेकंड टाकला, तेव्हा कुठे गाडी कडेला थांबली.

पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. मामा पाण्याची बाटली घेऊन डिस्कवर ओतायलाच निघाले होते, कसंबसं थांबवलं त्यांना, कारण इतक्या तापलेल्या बिडाच्या डिस्कवर (चाकामागची तबकडी, ब्रेकचे पॅड हिलाच आवळतात) गार पाणी पडलं की ती वाकू शकते, तडाही जाऊ शकतो. गाडी फर्स्टमध्ये ठेवली, चाकाखाली दगड लावला आणि पाऊण तास बसून राहिलो.

बसल्या बसल्या हिशोब केला. गाडी माणसांसकट 1400 किलो, महाबळेश्वर ते पोलादपूर उतार साधारण 1200 मीटर, म्हणजे 16 मेगाज्यूलच्या वर ऊर्जा. तेवढ्यात पन्नासेक लिटर पाणी, तीनचार हंडे धरा, उकळी येते! थोडी हवेत जाते, थोडी इंजिन खातं, बाकी सगळी ब्रेकमध्ये, आणि त्यातही जास्त वाटा पुढच्या डिस्कचा. मी पाय उचलतच नव्हतो, मग त्या बिचाऱ्या गार कधी होणार?

गार झाल्यावर पेडल परत कडक आलं, सेकंडमध्येच हळूहळू खाली उतरलो. पुण्याला आल्यावर मिस्त्रीने ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत कोऱ्या चहासारखं काळपट. "शेवटचं कधी बदललं?" चार वर्षं झाली होती, गप्प बसलो. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. माझ्या गाडीतलं डॉट 4 ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हाच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की लाईनमध्ये वाफ, आणि वाफ दबते, म्हणून पेडल पोकळ. मग नवीन ऑइल घालून सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून लाईनमधली एअर काढायला सुरुवात, मी आत बसून पेडल दाबतोय, मिस्त्री चाकाजवळचा निपल (एअर सोडायचा छोटा स्क्रू) सोडतोय-आवळतोय, तासभर हेच. पुढचे पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेले, तेही बदलले.

दिवाळीत परत तोच घाट, यावेळी कंपनीतली टेम्परेचर गन (लांबूनच तापमान मोजणारी) उसनी आणलेली. सेकंड गिअर, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं, वळणाआधी एकदा नीट ब्रेक मारायचा आणि पाय काढायचा. फाट्यावर थांबून मोजलं तर डिस्कच्या चकचकीत भागावर 70, आणि त्याच डिस्कच्या गंजलेल्या कडेवर 130. आधी वाटलं गन बिघडली, मग लक्षात आलं की चकचकीत धातूवर ती कमीच दाखवते, खरं मानायचं ते गंजावरचं.

वास नाही, धूर नाही. आईचं मात्र पूर्ण घाटभर एकच चालू होतं, गाडी एवढी का ओरडतेय रे, वरचा गिअर टाक की.