करंगळीने खेळणारी मावशी

सोमवार

मे महिन्यात सोलापुरात स्वतः बनवलेला, फोनच्या ब्राउझरमध्ये चालणारा गेम तपासायचा तर सकाळी दहाच्या आत. नंतर डोकं आणि फोन दोन्ही तापतात. डोक्याचं चालून जातं, फोनचं नाही. आतला प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे गरम झाला की स्वतःला जपायला वेग कमी करतो. सकाळी सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणारा तोच गेम त्याच फोनवर दुपारी तीनला पस्तिशीवर येतो.

आज पारा ४३च्या पुढे होता म्हणून मुद्दाम दुपारीच फोन घेऊन वर पत्र्याखाली बसले. आई म्हणाली, "वेड लागलंय का तुला, खाली ये." पण ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यातले निम्मे लोक अशाच पत्र्याखाली, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत खेळणार आहेत. त्यांच्या हातातला फोन माझ्या फोनपेक्षाही जुना असणार.

उपाय संध्याकाळी सापडला, आणि सोपा निघाला. गेममध्ये कापड विणलं जातं. विणून झालेला भाग प्रत्येक फ्रेमला नव्याने रंगवायची काही गरज नाही. तो एका न दिसणाऱ्या कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्राच्या फळ्यावर, एकदाच काढून ठेवायचा आणि तिथून आख्खा उचलून पडद्यावर टाकायचा. नव्याने काढायची ती फक्त चालू ओळ. फोन अजूनही तापतो, पण गेम अडखळत नाही.

मंगळवार

गेमचं नाव 'धोटा', म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावतो तो. पडद्यावर आठ उभे धागे. वरून एक कार्ड सरकत येतं, त्यात काही ठिकाणी भोकं. जिथं भोक, तिथला धागा बोटाने दाबून उचलायचा, तोही डावीकडून सुटलेला धोटा पोचायच्या आत. बरोबर उचलले तर एक ओळ विणली जाते, नाहीतर धागा तुटतो. ओळीवर ओळ चढत खाली फूल उमटतं, मोर उमटतो.

कल्पना माझी म्हणता येणार नाही, घरातच पडलेली होती. अप्पांनी आयुष्यभर जेकार्ड चादरीची डिझाइनं ग्राफवर काढली. लाल पेन्सिलीने चौकोन भरायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असलं की सुई आत जाते, हुक वर येतो, ताण्याचा म्हणजे उभा धागा उचलला जातो. भोक नसलं की धागा जागेवर. आडव्या एका धाग्याला एक कार्ड, अशी कार्डांची माळ. फ्रान्समध्ये जाकार्ड नावाच्या माणसाने (त्याच्यावरूनच 'जेकार्ड') हे यंत्र १८०४च्या सुमाराला बसवलं आणि पुढे इंग्रज गणिती बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी ही कार्डं तिथूनच उचलली, हे मी पुस्तकात फार उशिरा वाचलं. आमच्याकडे ती माळ्यावर बांधून ठेवलेली होती.

काल रात्री अप्पांचा एक जुना ग्राफ शोधला. आठ चौकोन रुंद, आठ उंच, छोटं कमळ. भोक म्हणजे १, कोरं म्हणजे ०. आठ चौकोनांची ओळ म्हणजे ० ते २५५मधली एक संख्या. दोन्ही टोकांना भोक आणि मधे सगळं कोरं असेल तर १२९. आख्खी ओळ भोकांची असेल तर २५५. असे आठ आकडे लिहिले की कमळ तयार. अप्पांना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी आकडे पाहिले, मग पडद्यावरचं कमळ पाहिलं आणि म्हणाले, "खालची पाकळी एक घर आत घे. कापडावर बसत नाही ती."

घेतली आत. छान बसली.

आठ धागे का, तर पुन्हा फोनमुळे. स्वस्त अँड्रॉइड फोनची रुंदी ब्राउझरच्या हिशोबात साधारण ३६० पिक्सेल असते. भागिले आठ, म्हणजे एका धाग्याला ४५. याहून अरुंद पट्टी बोटाला नीट सापडत नाही.

बुधवार, रात्री

चुलतभाऊ पुण्याहून आलाय. जेवताना त्याने विचारलं, "ॲप का नाही करत? ब्राउझरमध्ये कोण खेळतं?" मी हिशोबच सांगितला. गूगलच्या दुकानात खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, ॲपलच्या दुकानात दर वर्षी ९९. इथं एक लिंक. व्हॉट्सॲपवर टाकली की समोरचा दाबतो आणि खेळायला लागतो. ज्याच्या फोनमध्ये 'जागा शिल्लक नाही' ही सूचना कायम असते, त्याला ॲप उतरवून घ्या म्हणणं म्हणजे खेळू नका म्हणणं.

शिकलीस कुठं, हेही विचारलं. या प्रश्नाला सांगण्यासारखं उत्तर नसतं. शाळेत असताना नव्या पेठेतल्या नेट कॅफेत फ्लॅशचे गेम खेळायचो आम्ही, तासाच्या हिशोबाने पैसे देऊन. ते जगच गेलं. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा संपवला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने गेम चालवायलाच नकार दिला. मी शिकायला बसले तेव्हा सगळा भर जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेवर आणि कॅनव्हासवर आलेला होता. बी. कॉम. झालेलं, दिवसभर टॉवेलच्या एका निर्यातदाराकडे टॅली, रात्री हे.

खरं शिक्षण झालं ते दुसऱ्यांचा कोड वाचून. '२०४८' हा आकडे सरकवायचा गेम गॅब्रिएले चिरुली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४मध्ये करून कोड सगळ्यांना खुला ठेवला. त्यात कॅनव्हास नाहीच, वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलचे साधे चौकोन आहेत. पण गेमचे नियम एका फाइलमध्ये, चित्र दाखवणं दुसऱ्या, बोटाचा इशारा ओळखणं तिसऱ्या. नियमाला चित्राची खबर नाही, चित्राला बोटाची नाही. कुठल्याही क्लासने मला हे इतकं स्वच्छ दाखवलं नसतं. तो कोड मी ओळीओळीने वहीत उतरवून काढला होता. आई समजत होती मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. तिचा तो समज दूर करायची मलाही घाई नव्हती.

गुरुवार

२० तारीख. जीएसटीचा दिवस. गेमला हात नाही.

शुक्रवार

समोरच्या मावशी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, बाजूला कात्री आणि दोऱ्याचं रीळ. पान घेतलं, तंबाखू पसरली, वळली, टोकं दुमडली, दोरा गुंडाळला, टाकली. बोलताना, भांडताना, टीव्ही बघताना हात चालूच. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे हात थांबणं परवडत नाही. आज दुपारी त्यांच्यापुढे पाटावर फोन ठेवला आणि काहीच सांगितलं नाही. न सांगता बघणं हीच माझी चाचणी. तोंड मिटून बसणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

त्यांनी फोनला करंगळी लावली. अंगठा आणि शेजारची बोटं तंबाखूच्या पुडीने माखलेली, तेवढी करंगळी स्वच्छ. फोन मांडीच्या उजव्या बाजूला खाली, हात वरून येणारा. मी सगळी बटणं अंगठ्याच्या पोचेत, खालच्या कडेला ठेवली होती, कारण फोन हातात धरून खेळतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मावशींनी फोन हातात घेतलाच नाही. त्यांचा तळवा खालच्या बटणांवर टेकत होता आणि गेम आपोआप थांबत होता.

दुसरं, ब्राउझर मधे पडत होता. करंगळी टेकताना जराशी घसरते. बोट घसरलं की ब्राउझरला वाटतं पान सरकवायचंय, आणि तो आमचा स्पर्श रद्द करून स्वतः कारभार हातात घेतो. एकदा बोट वरून खाली गेलं तर पान ताजं झालं आणि अर्धा मोर गायब. 'टच-ॲक्शन: नन' आणि 'ओव्हरस्क्रोल-बिहेविअर: नन' अशा दोन ओळी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या रूपाच्या नियमांत, घातल्या की हे थांबतं. दोन्ही ओळी मला पाठ होत्या, पण त्या नेमक्या कुणासाठी लिहायच्या ते आज दिसलं.

तिसरी गोष्ट बघून मात्र मी थक्क झाले. दुसऱ्या डावापासून मावशी गेमच्या पुढे पळायला लागल्या. एक धागा उचलल्याचं चित्र पूर्ण व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात दुसरा धागा दाबला तर गेम तो दाबणं धरत नव्हता. माझ्या हाताला ते कधी जाणवलं नाही, माझा हात टॅलीवाला. मावशींनी तीन धागे टक टक टक दाबले आणि एकच उचलला गेला. त्या एवढंच म्हणाल्या, "मंद आहे गं हे."

संध्याकाळी बसून ते बदललं. आता प्रत्येक दाबणं, बोट उठायची वाट न बघता, टेकताक्षणी नोंदलं जातं. चित्र चालू असेल तर रांगेत थांबतं, आणि ओळ बरोबर की चूक हे दाबल्याच्या वेळेवर ठरतं, चित्र संपल्याच्या वेळेवर नाही. गेम बनवणारे याला इनपुट बफर म्हणतात. मारामारीच्या गेममध्ये हे हमखास असतं. विणकामाच्या गेममध्ये लागेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि आवाज. मावशींच्या घराच्या भिंतीपलीकडेच माग चालतात. त्या खटखटीत माझा तुटलेल्या धाग्याचा 'टंग' कुणाला ऐकू जाणार? तसाही ब्राउझर पहिल्या स्पर्शाशिवाय आवाज सुरू करू देत नाही, क्रोममध्ये हा नियम २०१८पासून आहे. म्हणून मी कंपन ठेवलं होतं. लाकडी पाटावर फोन असा घरघरला की मावशी दचकल्या आणि सुपातल्या विड्या सांडल्या. कंपन गेलं. आता धागा तुटला की आख्खी ओळ क्षणभर पांढरी पडते. आयफोनच्या सफारीत कंपन चालतच नाही, म्हणजे ते एरवीही अर्धवटच होतं.

जाताना त्यांनी पडद्यावरच्या सूचनेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय लिहिलंय?" त्यांना तेलुगू वाचता येतं, मराठी बोलता येतं. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी चार घरं सलग सापडतात. चार भाषांत सूचना लिहिण्यापेक्षा एकाही भाषेत न लिहिणं सोपं. पहिल्या कार्डाला एकच भोक ठेवलं आणि त्याच्याखालचा धागा लुकलुकता केला. तो दाबल्याशिवाय धोटा सुटतच नाही.

शनिवार

शब्द गेल्याचा एक फायदा आज लक्षात आला. दर वर्षी १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर जेएस-तेरा-के ही ब्राउझर गेमची स्पर्धा असते, २०१२पासून चालत आलेली. आख्खा गेम झिप करून १३ किलोबाइटमध्ये, म्हणजे १३,३१२ बाइटमध्ये बसला पाहिजे. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज येणारं सुप्रभातचं चित्र याहून कितीतरी जड असतं. देवनागरी फाँट सोबत द्यायचा म्हटला तर तोच या मापात मावणार नाही. पण बिनशब्दांच्या गेमला फाँट कशाला? आणि डिझाइन तर फुकटच पडतं, एका ओळीच्या आकड्याला एक बाइट, म्हणून एक कमळ आठ बाइट. अप्पांचे शंभर ग्राफ घातले तरी ८०० बाइट.

स्पर्धेचा विषय १३ ऑगस्टलाच कळतो, त्यामुळे 'धोटा' तसाच्या तसा पाठवता येईलच असं नाही. पण कपाटातले ग्राफ आतापासून आकड्यांत उतरवून ठेवायला कुणाची ना आहे? अप्पांना सांगितलं तर त्यांनी दुपारची झोप सोडली आणि पेन्सिल घेऊन बसले. चौकोन ते मोजतात, आकडे मी लिहिते. एका मोरावरून आमचं वाजलंही. आठ घरांत मोराचा तुरा बसत नाही असं ते म्हणतात. मी म्हणते अर्धाच मोर काढा, उरलेला अर्धा आरशात उलटा करून मी लावते. "मग मोराला दोन तोंडं होतील," ते म्हणाले. झालीच. पण चादरीवर समोरासमोर मोर असतातच की, आणि ती डिझाइनं त्यांनीच काढलेली!

रविवार

चुलतभावाच्या नव्या फोनवर 'धोटा' उघडला. त्याचा पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेमचा, माझा ६०चा. जे गेम प्रत्येक फ्रेमला ठरावीक पिक्सेल पुढे सरकतात, ते अशा फोनवर दुप्पट पळतात, कारण सेकंदात फ्रेमच दुप्पट. म्हणून मागच्या फ्रेमपासून किती मिलिसेकंद गेले ते बघून तेवढंच सरकायचं. आमचा धोटा दोन्हीकडे एकाच वेळेत पोचला. भावाला यात काही विशेष वाटलं नाही. वाटू नये, हेच तर हवं असतं.

याच हिशोबाची दुसरी बाजू अशी की, खेळताना फोन आला किंवा "पाणी आलं, पाणी आलं" अशी हाक आली आणि माणूस गेम सोडून कळशा भरायला पळाला, तर परत आल्यावर मागच्या फ्रेमपासून पंधरा मिनिटं गेलेली असतात. प्रामाणिकपणे हिशोब केला तर धोटा एका उडीत भिंतीपलीकडे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हा प्रसंग हटकून येणार. त्यामुळे एका फ्रेमला जास्तीत जास्त ५० मिलिसेकंदच धरायचे आणि टॅब नजरेआड गेला की गेम थांबवायचा, हे मी सुरुवातीपासूनच करून ठेवलंय.

दुपारी गल्लीतली पोरं जमली. त्यातला सहावीतला एक माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "अक्का, तुझा गेम फुटलालाय." काय फुटलं विचारलं तर सांगेना. मग दाखवलं. आठही धागे दोन्ही हातांच्या आठ बोटांनी एकदम दाबून धरायचे आणि भोक नाही तेवढी बोटं धोटा पोचायच्या जरा आधी सोडायची. सोडलेला धागा चुकीत धरला जात नाही. अशाने तो चाळीस-चाळीस ओळी न तुटता विणत होता. फोन जमिनीवर, हा पालथा, जीभ दातात.

ही पळवाट बुजवायला दोन मिनिटं लागतील. पण एकदम आठ बोटं टेकवून नेमकी हवी तेवढीच सोडणं हे एकेक धागा दाबण्यापेक्षा अवघड आहे, आणि बघायला जास्त मजेचं. मी ते ठेवलंय. उलट पंधराव्या डिझाइनपासून कार्डं इतकी भराभर यायला लागतील की या युक्तीशिवाय पुढे जाताच येणार नाही. पोरांना तसं सांगितलं आणि बजावलं की बाहेर कुठं बोलायचं नाही.

मावशी सध्या बाराव्या डिझाइनवर आहेत, करंगळीच्या जोरावर. पोरांनी पैज लावलीय.