पिवळे पाय

आमच्या लाइनीत कोंबडी कुणी म्हणत नाही, पक्षी म्हणायचं. सांगली जिल्ह्यातल्या एका लेअर फार्मवर, म्हणजे अंड्यांच्या पोल्ट्रीवर, मी 9 वर्षं सुपरवायझर आहे. पक्षी 76 आठवड्यांचे झाले, अंड्यांचं उत्पादन 70 टक्क्यांवर आलं की मालक व्यापाऱ्याला फोन लावतात, रात्रीत टेम्पो भरतात आणि शेड खाली. दुसऱ्या दिवशी पाणी मारा, चुना मारा, नवीन पुलेट, म्हणजे अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या, येईपर्यंत आराम. इतके लॉट चढवले की मोजलेले नाहीत, पण गेल्या जुलैतला एक लॉट काही डोक्यातून जात नाही.

गावातल्या एक आक्का आहेत, अंगणवाडीतनं रिटायर झालेल्या. कोंबडखत न्यायला आल्या आणि शेड खाली होणार हे कानावर पडलं. म्हणाल्या, "मला पंचवीस-तीस द्या की ओ, पैसे देते. कापायला नकोत, पाळायला." मालक हसले, म्हणाले दे रे, पैसे नको घेऊस. मी लगेच पुढं झालो, म्हटलं आक्का, मी निवडून देतो.

आता निवडायचं कसं ते सांगतो. बाहेरचा माणूस आला तर पिसं गच्च, पाय पिवळेजर्द असा पक्षी उचलणार आणि फसणार, कारण तो नुसता खाणारा असतो. मक्यातला पिवळा रंग अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या बलकात जातो, त्यामुळं आधी चोच आणि मग पाय फिकट पडत जातात, मान उघडी, शेपटीच्या पिसांचे खराटे, पण तुरा लालभडक. मग मागच्या दोन हाडांमध्ये बोटं लावून बघायचं, दोन-तीन बसली तर घालतीय, एकच बसलं तर बंद. हे मला झोपेत जमतं आणि त्याचा मला माज आहे, खोटं कशाला सांगू. 10 हजारांतनं 28 काढले, एक नंबर.

पकडणारी पोरं यायच्या आधीच आपले क्रेटमध्ये भरावेत म्हणून मी स्वतः लागलो. पोरांना हजार पक्ष्यांमागं पैसे मिळतात, त्यामुळं एका हातात चार-चार पक्षी, एकेक पाय धरून उलटे, त्यांना तरी काय बोलणार, रेट वाढवा म्हटलं तर मालकांना ऐकू येत नाही. मी मात्र दोन्ही हातांनी पंख दाबून एकेक बाहेर काढत होतो. 15 बाय 12 इंचाचा पिंजरा, त्यात तिघी, दार एवढंसं. सातवा की आठवा पक्षी असेल, काढताना मांडीत कट् असा आवाज झाला, वाळलेली तुरकाठी मोडावी तसा. पक्षी ओरडला पण नाही. मीच मान पिरगाळली आणि दुसरा घेतला.

एका अंड्याच्या टरफलात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. खाद्यातनं पुरलं नाही की ते हाडातनं निघतं, म्हणून तर आम्ही शिंपल्याची ग्रिट, म्हणजे चुरा, मिसळतो, आठवड्याला पोती मीच मोजतो. म्हणजे जी जास्त घालती तिचंच हाड पोकळ. हे मला माहीत होतं हो. आणि तरी मी बोटं लावून लावून नेमक्या त्याच काढल्या!

सकाळी आक्कांच्या रिकाम्या गोठ्यात सोडल्या. गावरान पाच होत्या त्यांना लांब ठेवा म्हणून सांगितलं होतं, ते त्यांनी केलं. या पोरी क्रेटमधनं निघाल्या आणि तिघी-तिघी चिकटून उभ्या राहिल्या, अख्खा गोठा मोकळा असताना. आक्कांनी ज्वारी फेकली, ती उचलता येईना कारण चोच लहानपणीच कापलेली. मग घमेल्यात ओतली तेव्हा जमलं. पाणी भांड्यात ठेवलं तर त्याच्याकडं बघेनात, यांना पाणी म्हणजे वरनं लटकणारं, चोच लावली की थेंब सोडणारं लाल निपल. फार्मवर जाऊन चार निपल लावलेला पाइपचा तुकडा घेऊन आलो, बादलीला जोडला, तेव्हा सगळ्या तुटून पडल्या.

गोठ्याच्या पुढं दीड फुटाचा ओटा आहे. दुपारी ऊन पडलं तशा दोघी त्यावरनं खाली उतरायला गेल्या आणि बसल्या त्या बसल्याच. एकीचा पाय आक्कांनी आइस्क्रीमची काडी लावून चिंधीनं बांधला, ती लंगडत का होईना जगली. दुसरी तिसऱ्या दिवशी गेली. आक्कांनी सरळ विचारलं, "आमच्या झाडावरनं उड्या मारतात, त्यांचं कसं काय मोडत नाही ओ?" मी म्हटलं तुमची वर्षाला साठ-सत्तर घालती, हिनं आत्तापर्यंत 300 च्या वर घातलीत. त्या गप्प झाल्या. मी निवडून दिल्या होत्या हे त्यांना बोलायची गरजच पडली नाही.

संध्याकाळी आणखी एक. फार्मवर 16 तास लाइट, अंधार पडायला लागला की आत जायचं हे यांना ठाऊकच नाही, जिथं आहेत तिथं बसून राहिल्या. आक्का एकेकीला उचलून डालग्याखाली ठेवत होत्या, आणि पुढं महिनाभर रोज ठेवत होत्या असं त्यांच्या सुनेनं सांगितलं, वैतागून सांगितलं.

दिवाळीनंतर आक्कांचा फोन आला. आवाज एकदम खूश. "सुपरवायझर, येऊन बघा, पिसं भरली, पाय कसे हळदीगत पिवळे झालेत! फक्त अंडी बंद झालीत. काय औषध देऊ?"

औषध कशाला, गोठ्यात एक बल्ब लावून 16 तास उजेड दिला की महिन्याभरात परत सुरू होतील, पाय परत पांढरे. तोंडावर आलं होतं.

मी म्हटलं, "दिवस लहान झालाय आक्का, थंडीत असंच असतंय."

त्या म्हणाल्या बरं, आणि फोन ठेवला.