ओमान आणि इराण : जमिनीखालच्या पाण्याच्या मागावर

पाटबंधारे खात्यात हयात गेली की माणूस कुठेही गेला तरी आधी पाणी कुठून येतं ते बघतो. त्यामुळे आमचा बेत मशिदी आणि बाजार डोळ्यांपुढे ठेवून आखलेला नव्हता. ओमानमधले फलज आणि इराणमधल्या कनाती बघायच्या होत्या, बाकी सगळं वाटेत जमेल तसं. दोन्हींचं तंत्र एकच. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर घेऊन भूजल गाठायचं आणि तिथून अगदी मंद उताराचा बोगदा काढून ते पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर, गावापर्यंत आणायचं. ओमानचे ५ फलज २००६ मध्ये आणि इराणच्या ११ कनाती २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खोदवलेली नहर याच कुळातली. ती लहानपणापासून बघितलेली, म्हणून मूळ बघायची ओढ होती.

आम्ही दोघं २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस निघालो. आधी ओमान, मग मस्कतहून थेट विमानाने शिराज, आणि शेवटी तेहरानहून परत. हा क्रम सोयीचा आहे, कारण ओमान सोपं आणि इराण थोडं डोकं लावायला लावणारं.

व्हिसाचं आधी सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त बदल झालाय. ओमानचा ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीयांना विमानाने आल्यास १५ दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं होतं, आम्ही त्याचाच फायदा घेतला. ती सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून बंद झाली. इस्रायलबरोबरच्या जून २०२५ च्या युद्धापासून तिथली परिस्थिती केव्हा पालटेल याचा भरवसा नाही. तेव्हा इराणचं तिकीट काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा, आणि ‘जाऊ नका’ असं लिहिलेलं असेल तर जाऊ नका. एजंट काहीही सांगो.

ओमानमध्ये गाडी भाड्याने घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. शहराबाहेर सार्वजनिक वाहतूक नावाला आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून घेऊन जा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते, आणि सवय व्हायला वेळ लागतो तो मुख्यतः चौकातल्या गोल वळणांवर. हिने पहिले काही तास ‘उजवीकडे, उजवीकडे’ असा जप लावला होता. रस्ते गुळगुळीत, पण वेग पकडणारे कॅमेरे जागोजागी आहेत, आणि दंड थेट गाडीच्या कंपनीकडून तुमच्या नावावर येतो. पेट्रोल तेव्हा लिटरला २३९ बैसा, १००० बैसांचा एक रियाल. रियाल म्हणजे तेव्हा आपले सव्वादोनशेच्या आसपास रुपये, त्यामुळे पेट्रोल सोडलं तर ओमान स्वस्त नाही.

मस्कतची सुलतान काबूस मशीद बघाच. इतर धर्मीयांना शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ आत सोडतात. बायकांना डोकं, मनगटं आणि घोटे झाकावे लागतात, पुरुषांना पूर्ण पँट. मुख्य दालनातला गालिचा ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि २१ टन वजनाचा. तो इराणमध्ये विणलाय, शेकडो बायकांनी, चार वर्षं खपून. भिंतींचा वालुकाश्म आपल्या भारतातला, तब्बल ३ लाख टन. आखाताच्या दोन्ही काठांची देवाणघेवाण किती जुनी आहे हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या गालिच्याच्या कडेने चालताना जास्त कळतं.

मस्कतमध्ये फार थांबू नका. निझवाला जा, आणि गुरुवारी रात्री तिथे मुक्काम पडेल असं बघा, कारण बकऱ्यांचा बाजार शुक्रवारी सकाळी भरतो. मालक बकरी घेऊन गोल फिरतात, कडेला गिऱ्हाईक बसलेलं, बोली तोंडी. किल्ल्याचा प्रचंड गोल बुरूज बघून घ्या, पण खरं काम गावाबाहेर आहे. फलज दारिस उघड्या पाटातून वाहताना दिसतो. पाणी स्वच्छ, वेग एकसारखा, आणि पाटाचा काठ हाताने फिरवून बघावा इतका नीट राखलेला. पाणी आधी पिण्यासाठी, मग मशिदीसाठी, मग अंघोळीच्या जागांसाठी आणि शेवटी खजुरांच्या बागांना, असा क्रम ठरलेला. शेतकऱ्याचा वाटा वेळेवर मोजतात. अर्ध्या तासाच्या आसपासचं एक माप आहे, त्याला ‘अथर’ म्हणतात. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ते ठरवायचे. सगळा कारभार गावाने नेमलेल्या ‘वकिला’कडे. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी जे करतो तेच हे. आमच्या खात्यातल्या कुठल्याही कालव्यावर पाणीवापर संस्था अशी चालताना मी पाहिलेली नाही.

तिथे काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला सरळ हिंदीत विचारलं, मुंबईचे का? जुन्या पिढीतल्या पुष्कळ ओमानींना हिंदी येतं. १९७० पर्यंत तिथे रुपये चालत, ही गोष्ट त्याने आपल्या तरुणपणाची आठवण म्हणून सांगितली. मग खजूर आणि कहवा, म्हणजे अरबी कॉफी. कहव्याचा पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे असेल तर पेला हातात हलकेच हलवून परत द्यायचा, नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही.

निझवाजवळचं बिरकत अल मौझ आणि पुढचं मिस्फत अल अब्रियीन ही दोन्ही गावं पायी फिरण्याची आहेत. मिस्फतमध्ये डोंगरउताराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागांमधून पाट जातो आणि वाट त्याच्या काठाने. हे लोकांचं राहतं गाव आहे, तेव्हा आखूड कपडे नकोत आणि पाटात पाय सोडून बसायचं नाही. जबल अल अख्दरवर जायचं तर फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच लागते, नाहीतर पायथ्याच्या चौकीवर पोलीस परत पाठवतात. आमची गाडी साधी होती, आम्ही तो डोंगर सोडला आणि काही बिघडलं नाही.

वादी शाबला, म्हणजे शाबच्या दरीला, सगळे जातात. एक रियाल देऊन नाव पलीकडे सोडते, मग पाऊणएक तास दगडांतून चालणं आणि शेवटी पोहणं. शुक्रवार-शनिवार टाळा, ती त्यांची सुट्टी. आकाशात ढग असतील तर कुठल्याही वादीत उतरू नका. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा कोरड्या पात्रात मिनिटांत येतो.

ओमानमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. दर गावात मल्याळी माणसाचं हॉटेल असतं, पराठा, भाजी आणि करक चहा कुठेही मिळतो.

इराणला उतरल्यावर पहिला प्रश्न पैशांचा. निर्बंधांमुळे बाहेरचं कुठलंच कार्ड चालत नाही. एटीएम नाही, स्वाइप नाही, काहीच नाही. सगळ्या मुक्कामाचे डॉलर किंवा युरो रोख न्यावे लागतात, नोटा कोऱ्या आणि मोठ्या हव्यात. आपले रुपये घेऊन जाण्यात अर्थ नाही. आम्ही गेलो तेव्हा एका डॉलरला साडेपाच लाखांहून जास्त रियाल मिळत होते, आता भाव आणखी कोसळलाय. विमानतळावर जेमतेम बदला, बाकी शहरातल्या सराफीत, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या दुकानात. दुसरी गोम अशी, की नोटेवर रियाल छापलेलं असतं आणि लोक बोलतात तोमानमध्ये. एक तोमान म्हणजे १० रियाल. त्यातही हजार हा शब्द गिळतात. दुकानदाराने ‘पन्नास’ म्हटलं तर ते ५० हजार तोमान, म्हणजे ५ लाख रियाल. हिशेब जमेना झाला की कॅल्क्युलेटर पुढे करा, कोणी रागावत नाही.

मोबाइलचं सिम विमानतळावरच घ्या, त्याशिवाय टॅक्सीचं स्नॅप ॲप चालणार नाही. आपली बरीच ॲप तिथे बंद असतात, म्हणून व्हीपीएन घरूनच टाकून जा. हॉटेल आरक्षणाच्या नेहमीच्या साइट चालत नाहीत. आम्ही हॉटेलांना थेट ईमेल लिहिले आणि सगळ्यांनी उत्तरं दिली.

शिराजमधल्या बागा आणि रंगीत काचांची मशीद यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, मी त्यात भर घालत नाही. कवी हाफिजच्या कबरीपाशी मात्र संध्याकाळी जा. कॉलेजची पोरंपोरी येऊन दगडावर बोटं टेकवून ओळी म्हणतात. पर्सेपोलिस, म्हणजे प्राचीन इराणी साम्राज्याच्या राजधानीचे अवशेष, शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर आहे, टॅक्सी अर्ध्या दिवसाची ठरवा आणि सकाळी लवकर निघा, सावली अजिबात नाही. अपादानाच्या, म्हणजे दरबारी दालनाच्या, जिन्यावर साम्राज्यातल्या प्रजांच्या मिरवणुका कोरल्या आहेत. त्यात हिंदू म्हणजे सिंधूकाठचे लोक शोधा. उघडं अंग, धोतर, आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड. तिच्या दोन्ही टोपल्यांत सोन्याची भुकटी आहे म्हणतात. हिने ते आधी पाहिलं, मी तेव्हा चौथऱ्याखाली खडकात खोदलेले पावसाच्या पाण्याचे नाले शोधत होतो.

शिराजहून यझद बसने. इराणच्या लांब पल्ल्याच्या व्हीआयपी बस म्हणजे सुखच, एका रांगेत तीनच खुर्च्या, वर खाऊचं पाकीट, आणि भाडं आपल्या एशियाडच्या तिकिटाहून कमी. यझदच्या अलीकडे वाळवंटात मातीच्या ढिगांची सरळ रांग दिसते, वारुळांसारखी. त्या कनातीच्या हवाविहिरी. मुकन्नी, म्हणजे कनात खोदणारे, त्यातून खाली उतरत, पांढरे कपडे घालून. अंधारात माणूस दिसावा म्हणून पांढरे, आणि खाली दरड कोसळली तर तेच कफन.

यझदला जास्त दिवस द्या. जुन्या शहरात मातीच्या भिंतींची बोळं, त्यात वाड्यांची झालेली हॉटेलं, वर बादगीर, म्हणजे वारा पकडून खाली सोडणारे मनोरे. दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटर उंच आहे. त्याच्याखाली उभं राहिलं की भर दुपारी मानेवर गार वारा लागतो, तोही पंख्याशिवाय. पाण्याचं संग्रहालय एका व्यापाऱ्याच्या वाड्यात आहे. इथे पाणी मोजायची रीत अशी, की बुडाला बारीक भोक असलेला तांब्याचा वाडगा मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तरंगत सोडायचा, तो भरून बुडाला की एक माप झालं. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवायचे, तेच हे. जुम्मा मशिदीच्या आवारातून झार्चच्या कनातीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. ही कनात ७० किलोमीटरहून लांब. दार उघडं असेल तर विचारून उतरा, पायऱ्या निसरड्या आहेत.

मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांचे बरेच मालक मूळचे याच मुलखातले झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे. इथल्या अग्निमंदिरातला अग्नी इसवी सन ४७० पासून तेवतोय असं मानतात. सध्याची इमारत १९३४ ची, आणि तिला पैसा दिला तो भारतातल्या पारशांनी. काचेआडून बघायचं असतं, पाच मिनिटांत होतं. यझदजवळच्या मेबोदचं मातीच्या घुमटाचं बर्फघर मात्र चुकवू नका, थंडीत गोठवलेला बर्फ त्यात उन्हाळ्यापर्यंत टिके.

संग्रहालयातल्या माणसाला मी विचारलं, आज शहराला पाणी कुठून? तो हसला. म्हणाला, नळाने, इस्फहानच्या नदीतून. खोल बोअर झाले, पातळी खाली गेली, कनाती आटल्या. मराठवाड्यातल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि मग इस्फहानला पोचलो तर झायंदे नदीच कोरडी. सी-ओ-से पुलाच्या ३३ कमानी, खाली भेगाळलेली माती, त्यावर सायकली. वरची धरणं, कारखाने, शेती, दुष्काळ आणि यझदला जाणारी पाइपलाइन, कोण कोणाला दोष देतं ते विचारू नका. २०२१ च्या नोव्हेंबरात शेतकरी याच पात्रात आंदोलनाला बसले होते. खाजू पूल १६५० चा, आणि तो पूल, बंधारा आणि बसायची ओसरी असं तिन्ही एकात आहे. दारं लावली की वरच्या अंगाला पाणी तुंबायचं. त्या रात्री कमानींखाली पाणी नव्हतं, पण म्हातारी माणसं जमून गात होती, घुमतं तिथे छान. नक्श-ए-जहान चौक भव्यच आहे, पण माझ्या लेखी इस्फहान म्हणजे खाजू. वसंतात नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, सुमारास कधीकधी पाणी सोडतात. तेव्हा जायचं तर खोल्या फार आधी घ्या, कारण २० मार्चपासून पुढचे दोन आठवडे अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो.

किरकोळ पण कामाच्या गोष्टी. बायकांना डोक्यावर रुमाल कायद्याने सक्तीचा आहे. शहरात पुष्कळ तरुणी तो घेत नाहीत, पण पाहुण्याने त्यांची बरोबरी करू नये, रुमाल डोक्यावर कायम असू द्या. टॅक्सीवाला किंवा दुकानदार ‘राहू द्या पैसे’ म्हणेल, ती रीत आहे. दोन-तीनदा आग्रह करून द्यायचेच. घरी जेवायला बोलावलं तरी आधी दोनदा नाही म्हणा, तिसऱ्यांदाही बोलावलं तर मनापासून आहे. आम्ही एकदा गेलो आणि रात्री अकराला सुटलो. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती यांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर घरीच ठेवा.

शाकाहाराची पंचाईत इराणात आहे. ‘बेदून-ए-गूश्त’, बिनमांसाचं, एवढं पाठ करा. वांग्याचं कश्क-ए-बादेमजान, ताजी नान, दही आणि हिरवा पाला यांवर निभतं. आश-ए-रेश्ते हे शेवया-कडधान्यांचं सूप घट्ट आणि पोटभरीचं, पण आत मांसाचं पाणी आहे का ते विचारा. मिर्झा कासमी वांग्याचंच, पण त्यात अंडं असतं. हिने शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि ती इस्फहानपर्यंतच पुरली, तेव्हा जरा जास्त न्या.